प्रात्यक्षिकाची पारख कशी करायची?

मुलीला कॉम्प्युटर सायन्सला घालायचंय, पण हाताला काम शिकवणारं कॉलेज कोणतं, असं दादा तुम्ही विचारलंत. नांदेडचं एसजीजीएस, म्हणजे श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी कॉलेज, जरूर बघा. १९८१ पासूनची संस्था, स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम ती स्वतः ठरवू शकते. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकीही यादीत ठेवा. पण कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीचा, पसंतीक्रम भरायच्या आधी मुलीला घेऊन कामाच्या दिवशी दुपारी कॉलेजात जाच. लॅबमध्ये पोरं स्वतः कोड लिहितायत की जर्नलात उतरवून काढतायत, हे लगेच दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना त्यांचं गिटहब (स्वतःचा कोड ऑनलाइन ठेवायची जागा) दाखवायला सांगा, प्रोजेक्ट स्वतः केला की विकत आणला तेही विचारा. पोरं खरं सांगतात. इमारतीवर अजिबात जाऊ नका.