मदत हवी आहे: हलका लॅपटॉप, स्क्रीन चांगली, बॅटरी दिवसभर (जरा लवकर!)
(सप्टेंबर २०२५ मधला धागा)

शुद्धलेखनी
मंडळी, लॅपटॉप घ्यायचाय. पातळ, हलका, स्क्रीन चांगली, बॅटरी दिवसभर. चार दिवस नेटवर शोधून डोकं उठलंय. एक रिव्ह्यूवाला म्हणतो डोळे मिटून घ्या, दुसरा म्हणतो चुकूनही घेऊ नका. सेल रविवारी रात्री संपतोय आणि दिवाळी अंकांची कामं मानगुटीवर बसली आहेत. त्यामुळे "आधी आपली गरज ओळखा" छापाचे उपदेश कृपया नकोत. एक नाव सांगा, मी घेऊन मोकळी होते.

टकाटक
मॅकबुक एअर एम४. १.२४ किलो, आत पंखाच नाही म्हणून आवाज नाही, बेस मॉडेललाच १६ जीबी रॅम. विषय संपला.

निवांत_नाना
ताई, बजेट? काम काय? वापरणार कुठे? "मुलगा चांगला हवा" एवढंच सांगून स्थळं मागवल्यासारखं झालं हे.

शुद्धलेखनी
नाना, हाच तो उपदेश :) बजेट ऐंशी हजार. काम लिहिण्या-वाचण्याचं. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

खटपट्या
लिहिण्या-वाचण्याला ऐंशी हजार? रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकतात तो) बिझनेस लॅपटॉप घ्या, पस्तीसच्या आत येतो, कीबोर्ड असा की टाइप करत राहावंसं वाटतं. वर लिनक्स टाका. माझा सात वर्षं जुना आहे, लोण्यासारखा चालतो.

निवांत_नाना
लोण्यासारखा चालतो, पण किती वेळ? बॅटरीचं सांगा की.

खटपट्या
नवीन बॅटरी टाकली की चार तास आरामात. चार्जर बॅगेत असतोच.

निवांत_नाना
त्यांनी "दिवसभर" लिहिलंय. तुमचा दिवस दुपारी एकला मावळतो.

हिशेबी
कुणीच कसं सांगत नाही? २२ सप्टेंबरपर्यंत थांबा! जीएसटी कमी होतोय, फुकट दहा टक्के वाचतील.

पिनपॉइंट
हिशेबीराव, लॅपटॉप २८ मध्ये कधी नव्हताच. आधीही १८ टक्के, २२ तारखेनंतरही १८. २८ वरून १८ वर येतायत ते एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही.

हिशेबी
बरं. मग टीव्ही घ्यायचा असेल तर थांबा.

बे_एरियातला_बंड्या
मी दिवाळीला पुण्यात येतोय. इथून आणायला सांगा कुणाला तरी. एअर इथे ९९९ डॉलरला आहे, आणि अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो.

पिनपॉइंट
९९९ वर कॅलिफोर्नियाचा सेल्स टॅक्स धरा, डॉलर ८८ च्या आसपास धरा. पंचाण्णव हजार झाले. एअरची भारतातली किंमत मार्चमध्ये ९९,९०० होती आणि सेलमध्ये ती बरीच खाली येते. शिवाय त्यांना रविवारच्या आत हवाय, तुम्ही येणार दिवाळीला.

बे_एरियातला_बंड्या
मी फक्त पर्याय सांगितला. मदत करायला जावं तर…

निवांत_नाना
बंडोपंत, रागावू नका. ताई, "लिहिण्या-वाचण्याचं" म्हणजे नक्की काय? घरात टेबलावर की बाहेर?

शुद्धलेखनी
प्रूफ रीडिंग आणि थोडं संपादन. नाशिकला राहते, आठवड्यातून तीनदा पंचवटी एक्सप्रेसने दादरला येते-जाते. सकाळचे तीन-साडेतीन तास आणि संध्याकाळचे तेवढेच, हेच माझे शांत कामाचे तास. घरी कोण बसू देतंय. प्लग खिडकीजवळ असतो आणि मला बहुतेक वेळा मधली सीट मिळते. सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची, चार्जरसकट जवळजवळ तीन किलो. उजवा खांदा कायमचा गेलाय. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय आणि हा ११ घेत नाही.

कसारा_घाट
पंचवटी! म्हणजे आमच्याच गाडीतल्या. इगतपुरीला वडा घेता की नाही?

शुद्धलेखनी
घेते. म्हणूनच आताच्या कीबोर्डवरची "ळ" चिकटते.

पिनपॉइंट
आता कुठे बोलता येण्यासारखं झालं. तीन गोष्टी बघा, नावं मागाहून.

बॅटरी: जाहिरातीतले "१८ तास" विसरा. ते व्हिडिओ लावून, ब्राइटनेस पाडून मोजलेले असतात. खाली वॅट-अवरचा (बॅटरीत किती वीज मावते त्याचा) आकडा असतो तो वाचा. वर्ड, पीडीएफ, अधूनमधून ब्राउझर आणि उजेड बऱ्यापैकी चढवलेला, अशा कामाला नव्या चिपचा लॅपटॉप साधारण ७ वॅट खातो असं धरू. ५० वॅट-अवरची बॅटरी म्हणजे सात तास, ७० ची म्हणजे दहा. तुम्हाला जाऊन-येऊन सात आणि मध्ये ऑफिसात चार्ज. ५० काठावर, ७० निवांत. बॅटरी दोन वर्षांत थकते हेही धरा.

चिप: इंटेलच्या नावाशेवटी "एच" असेल तर सोडून द्या, ती चिप वीज खाण्यासाठीच जन्मलेली. शेवटी "व्ही" असलेली कोअर अल्ट्रा बघा. रॅम तिच्यातच बसवलेली असते, नंतर वाढत नाही. खूण सांगतो: २२६व्ही, २५६व्ही म्हणजे १६ जीबी, २२८व्ही, २५८व्ही म्हणजे ३२. तुम्हाला १६ पुरे.

स्क्रीन: गाडीत खिडकीचा उजेड येतो, म्हणून ४०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आणि मॅट (न चकाकणारा). ३०० च्या खालचं घेतलंत तर घोटीच्या पुढे स्वतःचाच चेहरा वाचत बसाल.

रंगीला
आणि ओलेड, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो स्क्रीन, राहिलंच? २०२५ मध्ये कुणी आयपीएस, म्हणजे साधा एलसीडी, घेतं का? काळा रंग म्हणजे काळाकुट्ट, २८८० बाय १८००. एकदा बघितलं की साधा स्क्रीन धुतलेल्या शर्टासारखा वाटतो.

पिनपॉइंट
त्यांना काळा रंग बघायचाच नाहीये, पांढऱ्या पानावर आठ तास अक्षरं बघायची आहेत. ओलेडमध्ये काळा पिक्सेल वीज खात नाही, पांढरा सगळ्यात जास्त खातो. म्हणजे यांच्या कामाच्या नेमकं उलट. वर बहुतेक ओलेड चकचकीत, आणि अनेकांत कमी ब्राइटनेसला पडदा झपाझप उघडझाप करतो. डोळ्यांना दिसत नाही, काहींचं डोकं मात्र दुखतं.

रंगीला
माझं कधी दुखलं नाही.

पिनपॉइंट
तुमचं सिनेमा बघून दुखणार नाही.

रंगीला
डार्क मोड नावाची गोष्ट असते.

शुद्धलेखनी
डार्क मोडमध्ये प्रूफ वाचून दाखवा, मी तुम्हाला मानधन देते. अनुस्वार राहिला तर कापून.

पण रेझोल्यूशनचं सांगा. आताचा १३६६ बाय ७६८ आहे. "ड" आणि "ङ" यातला टिंब बघायला झूम करावं लागतं. "ऱ्या" आणि "र्या" तर देवाच्या भरवशावर. मागच्या वर्षी एका अंकात "वाङ्मय" तीन जागी "वाड्मय" छापून आलं, संपादकांनी वर्षभर ऐकवलं.

पिनपॉइंट
१५.६ इंचात १३६६ म्हणजे इंचाला जेमतेम १०० ठिपके. १४ इंचात १९२० बाय १२०० घेतलंत की १६० च्या वर जातं, २८८० घेतलंत तर २४० च्या वर. १६० ला "ङ" चा टिंब सुटा दिसतो. २८८० दिसायला सुंदर, पण बॅटरीही जास्त खाते. आणि १२०० हा आकडा बघा, १०८० नको. उभं पान जास्त मावतं.

टकाटक
हे सगळं एअरमध्ये आहे. २५६० बाय १६६४, ५०० निट्स. आणि ओलेड नाही. उगाच एवढा कीस पाडताय.

पिनपॉइंट
मॅट नाही. पण मान्य, एअर वाईट नाही. ताई, मॅक चालेल का?

शुद्धलेखनी
चालेल की. फक्त माझा डोंगल लागला पाहिजे.

निवांत_नाना
कसला डोंगल?

शुद्धलेखनी
श्रीलिपीचा, म्हणजे मराठी फॉन्टांच्या सॉफ्टवेअरचा. जुनी आवृत्ती आहे, डोंगल (यूएसबीत खोचायची किल्लीच म्हणा) लावल्याशिवाय उघडत नाही. दोन प्रकाशक अजून त्याच फॉन्टातल्या फाइली पाठवतात. सांगायचं राहिलं, इतकी वर्षं लावतेय की तो लॅपटॉपचाच भाग वाटतो.

पिनपॉइंट
अहो!!! हे तिसाव्या प्रतिसादाला?

टकाटक
मॅकवर पॅरलल्स टाकून विंडोज चालवता येतं.

खटपट्या
चालतं, पण ते एआरएमवालं (इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं) विंडोज. एम चिपच्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय) नाही. एआरएमवाल्या विंडोजवर साधे जुने प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. डोंगलचा ड्रायव्हर किती जुना आहे ते ताईच सांगतील.

शुद्धलेखनी
सीडीवर आला होता.

खटपट्या
मग मॅकला नमस्कार. स्नॅपड्रॅगनवाले (तीही एआरएम चिप) विंडोज लॅपटॉपही त्याच कारणाने बाद, बॅटरीला कितीही उत्तम असले तरी. (आणि माझं लिनक्सही बाद, हे मीच सांगतो, नाहीतर नाना सांगतील.)

निवांत_नाना
सांगणारच होतो.

पिनपॉइंट
म्हणजे उरलं इंटेल नाहीतर एएमडी. डोंगल यूएसबीचा चौकोनी असणार, टाइप ए. पातळ लॅपटॉपांत कितीतरींना फक्त टाइप सी असतं. बाजूच्या कडा मोजून घ्या. आणि घ्यायच्या आधी विंडोज ११ वाल्या कुठल्याही ओळखीच्या मशीनवर तो ड्रायव्हर बसतो का बघा. तिथेच अडलं तर नवा लॅपटॉप घेऊन उपयोग नाही.

वेदनाशामक
खांद्याबद्दल कुणीच बोललं नाही. एका खांद्यावरची बॅग बंद करा, दोन पट्ट्यांची सॅक घ्या. माझ्या आत्याचा खांदा पूर्ण आखडला होता, हात वर जाईना. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम, रोज दहा मिनिटं.

कसारा_घाट
सॅक गर्दीत मागच्याच्या नाकात जाते. पुढे लटकवा.

प्रिंटरवाला
कुठलाही लॅपटॉप घ्या, इंक टँक प्रिंटर घ्या सोबत. कार्ट्रिजमध्ये पैसे घालवू नका.

निवांत_नाना
प्रिंटर कुणी विचारला?

प्रिंटरवाला
प्रूफ म्हणजे प्रिंट लागणारच ना.

शुद्धलेखनी
(शनिवार, रात्री)
भावाच्या ऑफिसातल्या विंडोज ११ वर डोंगल लावला. आधी "ओळखता येत नाही" आला, मग त्यांच्याच वेबसाइटवरचा नवा ड्रायव्हर टाकला आणि उघडलं! त्यांच्या ऑफिसात मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

मग कॉलेज रोडवरच्या दुकानात गेले. पेन ड्राइव्हवर एका कथेची पीडीएफ नेली होती, मुद्दाम "वाङ्मय" आणि "दऱ्याखोऱ्या" असलेली. दुकानदार प्रत्येक लॅपटॉपवर त्याचा तो समुद्राचा व्हिडिओ लावत होता, मासे पोहतायत, लाटा फुटतायत. मी म्हटलं मासे बंद करा, माझं पान लावा. चार मॉडेलं उचलून दुकानाच्या दारात उन्हाकडे पाठ करून वाचली. ओलेडवालं आत शोकेसमध्ये अप्रतिम होतं, दारात आल्यावर त्यात समोरचं रसवंतीगृह दिसायला लागलं. रंगीला, माफ करा.

दोन मॉडेलं उरली आहेत. पहिलं १.२ किलो, ५५ वॅट-अवर, फक्त टाइप सी. दुसरं १.३५ किलो, ७० वॅट-अवर, एक टाइप ए, मॅट, ४०० निट्स, "व्ही" वाली चिप, १६ जीबी, पण चार हजार बजेटच्या वर.

पिनपॉइंट
दुसरं. यात विचार कसला?

टकाटक
पहिलं घ्या, सोबत टाइप ए लावायला सहाशेचं हब. दीडशे ग्रॅम खांद्याला कळतात.

निवांत_नाना
टकाटक, हबचं वजन कोण मोजणार? आणि ते पंचवटीत सीटखाली पडलं की शोधणार कोण? दुसरं. चार्जर टाइप सी चा आहे ना? मग फोनचा आणि याचा एकच नेता येईल, तिथे ग्रॅम वाचले.

शुद्धलेखनी
चार्जर ६५ वॅटचा टाइप सी, हो. फोनही त्यावर चार्ज होतो, करून बघितलं.

खटपट्या
घेतलात तर सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोधा. घरी ८०, प्रवासाच्या आदल्या रात्री १००.

शुद्धलेखनी
(गुरुवार)
दुसरं घेतलं. आज पहिला प्रवास. नाशिक रोडला १०० टक्के, दादरला ६३. खिडकीचा उजेड सरळ अंगावर होता, ब्राइटनेस पाऊण, एक अख्खी दीर्घकथा वाचून झाली. "ङ" चा टिंब झूम न करता दिसला. डोंगल उजव्या बाजूला आहे, शेजारच्या काकांचं कोपर दोनदा लागलं, पण तो टिकला. नाना, पिनपॉइंट, खटपट्या, आभार. टकाटक, तुमचेही.

कसारा_घाट
वडा?

शुद्धलेखनी
लॅपटॉप बंद करून खाल्ला.

गोदाकाठ
छान धागा. माझ्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, त्यालाही लॅपटॉप हवाय. कुठला घेऊ? जरा लवकर सांगा.

निवांत_नाना
बजेट? शाखा कुठली? आणि घरात काही डोंगल वगैरे?