गारपिटीत टिकन असं पॉलीहाऊस कोणतं?

राजेहो, वाशीमकडं गाव आहे. अर्ध्या एकरात पॉलीहाऊस, म्हंजे पाईपाच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणलेलं घर, टाकून ढोबळी मिरची लावतो म्हणतो. डीलर म्हणते, हा सांगाडा हिमाचलात बर्फ झेलते. आपल्याकडं बर्फ कुठं पडते बाप्पा! इथं फेब्रुवारी-मार्चात गारा, मग वावधन, म्हंजे वादळी वारा. काय पाहून घेऊ?

— भाऊ, बर्फाचं वजन वरून बसते. आपला वारा आत शिरून सांगाडाच उचलते. पायाचे पाईप काँक्रीटमध्ये किती खोल आहेत ते पाहा. पाईप गॅल्व्हनाइज्डच, म्हंजे जस्त चढवलेलेच घ्या.

— २०० मायक्रॉनचा कागद मोठ्या गारेनं फाटते. वर जाळी ताणा, कागदाले टेकू देऊ नका. वारा सुटला का बाजूचे पडदे पाडून बंद करा.

— अन् मे महिन्यात ४५ अंशात मिरची आतच शिजन, त्याचं काय? शेडनेटच, म्हंजे कागदाऐवजी सावलीची जाळी लावलेलं घर, बरं. फक्त गारा साचून झोळ पडला की खालून काठीनं उडवा, नाहीतर तार तुटते.

— काठीवाला माणूस डीलर देते का?