अक्षरं येतात, पण गोष्ट कळत नाही : साडेचार वर्षांच्या मुलीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझी लेक साडेचार वर्षांची आहे. अक्षरओळख लवकर झाली, काना-मात्रा-वेलांट्याही जमायला लागल्या. आता छोटी वाक्यं फोड करून वाचते. घरात सगळ्यांना कौतुक, मलाही होतंच. पण गेल्या आठवड्यापासून जिवाला घोर लागलाय.

चित्रांचं पुस्तक वाचत होतो. एका पानावर मुलगा पलंगाखाली वाकून बूट शोधतोय, आणि दारामागे कुत्रा तोच बूट तोंडात धरून बसलाय. खाली एकच ओळ : बूट कुठे गेला? तिने बोट ठेवून वाचलं, "बू... ट... बूट. कु... ठे..." ओळ संपल्यावर शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "मग कुठे गेला गं बूट?" ती पुन्हा ओळीकडे बघायला लागली आणि म्हणाली, "ते इथे लिहिलंच नाहीये."

कुत्रा तिच्या बोटापासून चार बोटं लांब होता. चित्राकडे तिने पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक पानावर प्रश्न विचारते. कोण आलं, काय झालं, का झालं. उत्तर एकच, "माहीत नाही." परवा तर पुस्तक हातात घेतल्याबरोबर म्हणाली, "आई, आज प्रश्न नको." मला फार वाईट वाटलं. पुस्तकाची गोडी मीच घालवतेय का? अक्षरं थोडे दिवस बाजूला ठेवू का? आकलनाच्या वर्कशीट्स मिळतात, त्या आणू का? कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी एक करून बघा. तिला वाचायला लावू नका. तीच गोष्ट तुम्ही वाचून दाखवा, तिने फक्त ऐकायचं आणि चित्रं बघायची. मग कळते का?

मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं. या वयात एकेक अक्षर जुळवताना मुलांचं सगळं लक्ष तिथेच खर्ची पडतं, अर्थाकडे वळायला काही उरतच नाही. तुमच्या लेकीचं बहुधा हेच होतंय. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये याची सोपी मांडणी केली : वाचनाचं आकलन म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले बोलली गेलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही असो, उत्तर शून्यच. आणि भाषा समजण्याची बाजू या वयात कानाने वाढते. ऐकून, बोलून, खेळून.

वर्कशीट आणू नका. तिला आत्ताच प्रश्न नको झालेत, तिथे कागदावर आणखी कशाला?

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण प्रश्न बंदच करा असं मी म्हणणार नाही. प्रश्नाची जात बदला. "कुठे गेला बूट?" याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. म्हणजे ती परीक्षाच झाली. त्याऐवजी आधी स्वतः बोला : "अरेच्चा, हा पलंगाखाली काय करतोय?" आणि गप्प बसा. खरंच गप्प. मनात पाच आकडे मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं तपासली तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली. आपण आईबाप तर तेवढंही थांबत नाही.

ती "कुत्रा" एवढंच म्हणाली तरी चालेल. तुम्ही तिचाच शब्द धरून पुढे न्या : "हो, कुत्रा लपलाय, आणि त्याच्या तोंडात बूट आहे." उद्या तेच पान आलं की ती यातलं काहीतरी स्वतःहून म्हणेल. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना हेच शिकवलं : मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाचं बोलणं थोडं वाढवून परत द्यायचं. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली.

आणि तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर कंटाळू नका. पहिल्यांदा नुसतं काय झालं ते कळतं. "का" चौथ्या-पाचव्या वेळी सुचतं.

प्रतिसाद ३

तुमचं ते बुटाचं पान फार छान आहे, सोडू नका. त्यात विचार करायला लावणारा खरा प्रश्न दडलाय : कुत्र्याकडे बूट आहे हे त्या मुलाला माहीत आहे का? मला दिसतंय ते दुसऱ्याला माहीत नसेल, ही समज साधारण चार-पाच वर्षांच्या सुमाराला येते. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा प्रयोग यावरच आहे. या पानावर विचारलं तर लहान मुलं म्हणतात, मुलगा दारामागेच बघेल, कारण बूट तिथे आहे. थोडी मोठी झाली की म्हणतात, नाही, त्याला कुठे माहितीये! चुकीचं उत्तर आलं तरी दुरुस्त करू नका. "असं का वाटतं तुला?" एवढंच विचारा.

एक सावधगिरी मात्र. पुस्तकाशिवायही साधं बोलणं कळत नसेल, म्हणजे "चप्पल ठेव आणि दार लाव" अशा दोन कामांच्या सूचना घोटाळ्यात पडत असतील किंवा वाक्यं नीट जुळत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान तपासून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सूचना तिला व्यवस्थित कळतात, त्यामुळे ती धाकधूक मिटली.

चार रात्री फक्त मी वाचलं, तिला ओळ वाचायला लावली नाही. पहिल्या दोन रात्री ती गप्पच होती, मीही (फार जड गेलं!). तिसऱ्या रात्री बुटाचं पान आलं. मी म्हटलं, "हा पलंगाखाली काय करतोय?" आणि थांबले. बराच वेळ काही नाही. मग ती पुस्तकावर वाकली, दारामागच्या कुत्र्यावर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, त्याला सांगू नको हं."

कुजबुजून! म्हणजे मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून. हे तिला आधीपासून कळत होतं का?

आता एकच विचारते. काल ती स्वतःच म्हणाली, "ही ओळ मी वाचू?" वाचू द्यावी ना?

प्रतिसाद १

अगं, नक्की वाचू दे. आधी चित्रावर गप्पा, मग तिची ओळ, आणि तिची वाचून झाली की तीच ओळ तू एकदा सलग, गोष्ट सांगतात तशी वाच. अक्षरं जुळवताना निसटलेला अर्थ तिला त्यात सापडेल. आणि ज्या दिवशी ती मागणार नाही, त्या दिवशी तू वाच.