ट्रान्समिट पॉवर : प्रेषणशक्ती, प्रक्षेपण क्षमता की 'रेंज'?

प्रश्न

वायफाय कार्डाच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. 'ट्रान्समिट पॉवर १८ डीबीएम' या ओळीवर अडले. 'प्रक्षेपण क्षमता' बरोबर वाटतं का? दुकानदार सरळ 'रेंज' म्हणतात. आणि डीबीएम म्हणजे डेसिबलच ना?

प्रतिसाद १

'क्षमता' नको. पॉवरसाठी शाळेच्या विज्ञानात 'शक्ती' हा शब्द ठरलेला आहे : कार्य करण्याचा दर, एकक वॉट. इथेही तीच राशी आहे. क्षमता म्हटलं की बॅटरी किंवा हार्ड डिस्क डोळ्यांपुढे येते.

'प्रक्षेपण' चूक नाही, पण त्यात एकाने सगळ्यांसाठी सोडण्याचा भाव आहे. सामन्याचं थेट प्रक्षेपण म्हणतो तसा. 'पारेषण' महापारेषणमुळे विजेच्या तारांना कायमचं चिकटलं. कार्ड एका ठरावीक राउटरला संदेश धाडतं, म्हणून मी 'प्रेषणशक्ती' लिहीन. पाकिटावर 'प्रेषक' आपण पूर्वापार लिहीत आलोच आहोत.

आता डीबीएम. डेसिबल हे नुसतं गुणोत्तर आहे, कशाच्या किती पट एवढंच ते सांगतं. डीबीएममध्ये तुलना १ मिलिवॉटशी बांधलेली असते, म्हणून ती खरीखुरी शक्ती होते. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट, १० म्हणजे १०, २० म्हणजे १०० मिलिवॉट. दर ३ ला जवळपास दुप्पट. तुमचे १८ डीबीएम म्हणजे सुमारे ६३ मिलिवॉट. शेवटचा 'एम' गाळून '१८ डेसिबल' छापलंत तर त्या आकड्याला काही अर्थच उरणार नाही.

प्रतिसाद २

'रेंज'बद्दल. आपण 'रेंज नाही' म्हणतो ते आपल्यापर्यंत काय पोचलं त्याबद्दल. फोनवर उणे ७० डीबीएम दिसतं ती पोचलेली शक्ती, मिलिवॉटचा एक कोटीवा भाग, आणि तेवढ्यावर वायफाय व्यवस्थित चालतं. प्रेषणशक्ती हे निघतानाचं माप. दोन्हींना एकच शब्द वापरला की लोक जास्त डीबीएमचं कार्ड आणतात आणि डाउनलोड तसंच राहिलं म्हणून वैतागतात. कार्डाची शक्ती वाढली तर राउटरला तुमचं जास्त चांगलं ऐकू येतं; राउटरचं तुम्हाला नाही. अंतराचं म्हणाल तर मोकळ्या मैदानातही पल्ला दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, म्हणजे ६ डेसिबल जास्त. घरात भिंती असतात, तिथे त्याहूनही जास्त.

प्रतिसाद ३

वरचं सगळं मान्य, पण 'प्रेषणशक्ती' कुठे मोजलेली, हे लिहिल्याशिवाय शब्द अपुरा आहे. एक कार्डाच्या अँटेना-जोडणीपाशी मोजलेली. दुसरी अँटेनाचा गेन धरून, तिला 'विकिरित शक्ती' म्हणता येईल. गेनला 'लाभ' किंवा 'वाढ' म्हणू नका. अँटेना पदरची शक्ती घालत नाही, आहे तीच एका दिशेला एकवटते. मी 'दिशालाभ' लिहितो.

हा कीस काढण्यामागे कारण आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्यात युरोपची मर्यादा १०० मिलिवॉट आहे ती विकिरित शक्तीची. भारतात २००५ च्या अधिसूचनेने हा पट्टा परवानामुक्त झाला, तिच्यात दोन्ही आकडे वेगवेगळे दिले आहेत : प्रेषकाची १ वॉट, विकिरित ४ वॉट. १ वॉट म्हणजे ३० डीबीएम; त्यात ६ डेसिबलचा दिशालाभ मिळवला की ३६ डीबीएम, म्हणजेच ४ वॉट.

आणि माहिती पाठवण्याचा वेगही लिहा. संथ वेगाला १८ डीबीएम देणारं कार्ड सर्वांत जलद वेगाला साधारण तीन-चार डेसिबल कमीच देतं. जलद संदेशाची बांधणी इतकी नाजूक असते की प्रवर्धक (अँप्लिफायर) पूर्ण जोरात चालवला तर ती विस्कटते, म्हणून शक्ती मुद्दाम उतरवावी लागते. माहितीपत्रकात बहुतेकदा मोठा आकडाच छापतात.

प्रश्नकर्ती

मूळ पत्रकात खाली बारीक अक्षरात तक्ता आहे : १ मेगाबिटला १८, ५४ मेगाबिटला १५. मग असं लिहू? 'प्रेषणशक्ती (अँटेना-जोडणीपाशी) : कमाल १८ डीबीएम, सुमारे ६३ मिलिवॉट, ५४ मेगाबिट वेगाला १५ डीबीएम, सुमारे ३२ मिलिवॉट.'

प्रतिसाद ३

असंच. फक्त 'मेगाबिट'पुढे 'प्रतिसेकंद' घाला, आणि दोन्ही ओळी एकाच आकाराच्या अक्षरांत छापायला सांगा.