ट्रेडमार्क : चटणी, लोणचं, काजू, कुंदा एकाच नावाने विकायचं, तर किती क्लास?

प्रश्न : काजू_कुंदा

नमस्कार मंडळी. आमची भागीदारी फर्म आहे. दुकान बेळगावात, काजू प्रक्रियेचं युनिट चंदगड तालुक्यात. एकाच नावाने हा माल जातो : शेंगदाण्याची सुकी चटणी, कैरीचं लोणचं, संकेश्वरी मिरचीची पूड, भाजके व खारे काजू, काजूकतली आणि कुंदा. नाव पाकिटावर मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत आहे.

एजंटाने ट्रेडमार्क नोंदणीसाठी सहा क्लास (माल आणि सेवांचे नोंदणीवर्ग) काढून दिलेत. पाकिटावर छपाई म्हणून १६, लोणच्यासाठी २९, चटणी-मसाल्यासाठी ३०, काजू शेतीमाल म्हणून ३१, दुकान म्हणून ३५ आणि दुकानात कुंदा खायला देतो म्हणून ४३. सहाही खरंच लागतात का? आणि अर्ज मुंबईला जाणार की चेन्नईला?

उत्तर : नोंदणी_कट्टा

तुमच्या नावाने गिऱ्हाईक काय विकत घेतं, तेवढंच बघायचं. एकूण ४५ क्लास आहेत, १ ते ३४ मालाचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. वर्गवारी आंतरराष्ट्रीय आहे, नीस कराराची. भारत २०१९ मध्ये त्या कराराचा सदस्य झाला.

१६ आधी खोडा. तो क्लास कागद, पुठ्ठा, छापील साहित्य *विकणाऱ्यांचा*. तुम्ही पाकीट विकत नाही, पाकिटातला माल विकता. छापील पाऊच वापरणाऱ्या प्रत्येकाला १६ लागला असता, तर औषधवाल्यापासून साबणवाल्यापर्यंत सगळ्यांना तो घ्यावा लागला असता.

आता खाण्याच्या मालाची खरी गुंतागुंत. लोणचं २९ मध्ये आणि चटणी ३० मध्ये बसते. २९ मध्ये टिकवलेल्या भाज्या-फळं, खाद्यतेल, तूप, दूध व दुधाचे पदार्थ, प्रक्रिया केलेला सुकामेवा येतो. ३० मध्ये मसाले, चटण्या, मीठ, साखर, गूळ, काकवी, मध, पीठ, पोहे, चहा-कॉफी, बिस्किटं, मिठाई. ३१ म्हणजे प्रक्रिया न झालेला शेतीमाल, बियाणं, जनावरांचा चारा.

काजूवर हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. टरफलासकट कच्चा काजू ३१. भाजलेला, खारवलेला गर २९. काजूकतली ३०. बोंडाचा रस विकायला काढलात तर ३२, आणि फेणी ३३. झाड एकच, पण तुम्ही त्याचं काय करून विकता त्यावर क्लास ठरतो. तुम्ही कच्चा काजू विकत नाही, म्हणून ३१ नको. मिरचीचंही तसंच : ओली मिरची ३१, पूड ३०.

कुंदा खव्याचा असला तरी गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तो मिठाई म्हणून, म्हणजे ३०. सुटा खवा विकत असाल तर तो २९. वर्णनात नुसतं ‘दुधाचे पदार्थ’ लिहू नका, नाहीतर परीक्षक २९ कडे बोट दाखवेल. ‘मिठाई, कुंदा, काजूकतली’ असं सरळ लिहा.

३५ कधी? दुकानाच्या नावाखाली इतर उत्पादकांचाही माल गोळा करून विकत असाल तेव्हा. फक्त स्वतःचा माल स्वतःच्या दुकानात विकण्यासाठी वेगळा ३५ लागत नाही. ४३ म्हणजे बसवून खाऊ घालण्याची सेवा : हॉटेल, खानावळ, चहाचं दुकान. काउंटरवर चव बघायला दिलेल्या तुकड्यासाठी तो नको. टेबलं मांडून बिल फाडत असाल तर जरूर घ्या.

थोडक्यात आज २९ आणि ३०. बाकीचं त्या दुकानाच्या स्वरूपावर.

उत्तर : चेन्नई_फाइलिंग

वरचं बरोबर. फी आणि कार्यालयाचं सांगतो.

ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक क्लासला मोजली जाते. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. भागीदारी फर्मकडे उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) नसेल तर ९,००० लागतील. म्हणजे सहा क्लासचे ५४,००० आणि दोन क्लासचे, उद्यम जोडून, ९,०००. अर्जाच्या आधी उद्यम काढा. ते मोफत आहे.

कार्यालय ठरतं ते अर्जदाराच्या भारतातल्या मुख्य व्यवसायस्थळावरून. कर्नाटक चेन्नई कार्यालयाच्या हद्दीत, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या. युनिट चंदगडला असलं तरी मुख्य कारभार बेळगावातून चालत असेल तर चेन्नई. इथं सीमेवर नेहमीचा घोळ असा होतो, की भागीदारी करारात एक पत्ता, जीएसटीत दुसरा आणि उद्यमवर तिसरा. अर्जात मुख्य स्थळ म्हणून जो पत्ता द्याल तोच आधारभूत कागदावरही असू द्या. नोंदणी कुठूनही झाली तरी ती देशभर लागू असते, म्हणून सोयीसाठी मुंबई धरायचा हट्ट नको.

कन्नड अक्षरं चिन्हात असतील तर त्यांचा उच्चार इंग्रजी किंवा हिंदीत लिहून अर्थ द्यावा लागतो आणि भाषा कोणती तेही सांगावं लागतं. दुकानाच्या पाटीचा किंवा पाकिटाचा फोटो चिन्ह म्हणून लावू नका. नुसतं नाव शब्दचिन्ह म्हणून नोंदवा. पाकिटाची मांडणी उद्या बदलली तरी नावाचं संरक्षण टिकतं.

आणखी एक. दोन्ही क्लास एकाच अर्जात घालता येतात, फी तेवढीच. पण एका क्लासवर हरकत आली की दुसराही तिच्यामागे अडकून पडतो. मग अर्ज विभागायची वेगळी खटपट. फी सारखी असताना दोन स्वतंत्र अर्ज करणं केव्हाही बरं.

काजू_कुंदा

फार मोलाची माहिती, आभारी आहे. दोन शंका. आमचं नाव वेगळ्याच क्लासमध्ये, कापडात, आधी कुणीतरी नोंदवलंय. अडचण येईल का? आणि बिलावर असतो तो एचएसएन क्रमांक अर्जात कुठं द्यायचा?

उत्तर : नोंदणी_कट्टा

एचएसएन कुठंच द्यायचा नाही. ती कराची वर्गवारी, तिचा इथं संबंध नाही. एचएसएनचं ३० वं प्रकरण औषधांचं आहे, ट्रेडमार्कचा क्लास ३० मसाले-मिठाईचा. बिलावरचे आकडे बघून क्लास टाकले की अर्ज भलतीकडेच जातो.

कापड आणि लोणचं यांत गिऱ्हाइकाचा गोंधळ व्हायचं सहसा कारण नाही, नाव फार प्रसिद्ध असेल तर गोष्ट वेगळी. पण क्लास वेगळा म्हणून मोकळं रान, असं मात्र नाही, आणि क्लास एक म्हणून आपोआप आडकाठी, असंही नाही. आपल्याच राज्यातलं प्रकरण बघा. कर्नाटक दूध महासंघाचं ‘नंदिनी’ १९८५ पासूनचं. बेंगळुरूच्या एका हॉटेलचं ‘नंधिनी’ १९८९ पासूनचं. हॉटेलवाल्यांनी २९ आणि ३० मध्ये अर्ज केला, महासंघाने विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, की केवळ क्लास सारखा म्हणून माल सारखा ठरत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून हॉटेलला नोंदणी मिळाली.

निपाणीच्या तंबाखूवाल्यांनी तर १९९६ चा ‘चारमिनार’चा निकाल माहीत करूनच घ्यावा. सिगारेट करणाऱ्या कंपनीने क्लास ३४ मधला अख्खा तयार तंबाखू आपल्या नावावर ठेवला होता. न्यायालयाने म्हटलं, तुम्ही जर्दा आणि किवाम (खायचा तंबाखू) करत नाही, मग तो क्लास अडवून ठेवायचा हक्क नाही. म्हणून ‘या क्लासमधला सर्व माल’ असं लिहू नये. जे विकता आणि लवकरच खरोखर विकणार आहात तेवढंच लिहा. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने वापर नसेल तर त्या नोंदीमुळे ज्याची अडवणूक होते, तो ती काढायला अर्ज करू शकतो.

शोध घेताना २९ आणि ३० वरच थांबू नका, ३१, ३५, ४३ ही बघा. सरकारी संकेतस्थळावर नावाचा आणि उच्चाराचा असे दोन शोध आहेत, दोन्ही करा. आपली नावं रोमन लिपीत वाट्टेल तशी लिहिली जातात : एक ‘ओ’ की दोन, ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, शेवटी ‘आय’ की ‘दोन ई’. प्रत्येक रूप टाकून बघायचं.

उत्तर : शहापूर_माग

खाण्याचा विषय आहे तरी शहापूर-वडगावच्या मागवाल्यांसाठी इथंच लिहितो. सूत २३, थानातलं कापड २४, तयार कपडे २५. साडी नीसच्या यादीत २५ मध्ये आहे, पण जुन्या नोंदी २४ मध्येही सापडतात. शोध दोन्हीकडे घ्या.

अथणी, निपाणीकडच्या चपलाही २५ मध्येच. चामडं आणि चामड्याच्या पिशव्या १८ मध्ये. ‘कोल्हापुरी’ हा शब्द कुणा एकाचा ट्रेडमार्क होत नाही, तो भौगोलिक मानांकनाखाली आहे आणि त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकचेही चार आहेत. स्वतःचं वेगळं नाव नोंदवायचं आणि मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून स्वतंत्र अर्ज करायचा.

उत्तर : उद्यमबाग_कास्टिंग

फौंड्रीवाल्यांची गफलत ६ आणि ७ मध्ये होते. धातूचं साधं ओतकाम ६. यंत्रासाठीचा हायड्रॉलिक सिलिंडर, पंप ७. गाडीचे ब्रेक १२, पण इंजिनाचे सुटे भाग, पिस्टन वगैरे, गाडीचे असले तरी ७. दुसऱ्याच्या पॅटर्नवर जॉबवर्क करून देत असाल तर तो माल तुमच्या नावाचा नाहीच, ती सेवा, क्लास ४०.

उत्तर : चेन्नई_फाइलिंग

काजू_कुंदा, अर्ज भरण्याआधी वापराची तारीख नीट ठरवा. लोणचं एका वर्षापासून आणि कुंदा नंतरच्या वर्षापासून विकत असाल, तर दोन्ही अर्जांत तारीख वेगळी येईल. आधीपासूनचा वापर सांगितला की प्रतिज्ञापत्र आणि त्या-त्या मालाची जुनी बिलं, पाकिटांचे फोटो जोडावे लागतात. बिलावर नाव छापलेलं हवं. नुसतं ‘लोणचं १० किलो’ चालत नाही. अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना जोडा, पण त्यामुळे नावाची मालकी सिद्ध होत नाही.

वर्णन बरोबर आणि क्लासचा आकडा चुकला, तर दुरुस्तीची वाट निघते. वर्णनात माल लिहायचाच राहिला, तर तो नंतर घुसवता येत नाही, नवा अर्ज आणि नवी तारीख. परीक्षण अहवाल आला की उत्तराला ३० दिवस असतात, तो ईमेलवर येतो. म्हणून एजंटाचा ईमेल देऊन मोकळं न होता फर्मचाही द्या. पुढे ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर विरोधासाठी चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण, तीही फी प्रत्येक क्लासला वेगळी.