न्यूज सर्व्हर परत उभा केला, आता थंडरबर्डला नवीन पोस्टच दिसत नाहीत

कोथरूडकर: एरंडवण्यातल्या आमच्या ऑफिसात आतल्या चर्चेसाठी आयएनएन (न्यूजग्रुप चालवणारा सर्व्हर) आहे, डिस्क गेली म्हणून सगळं परत बसवलं, जुने लेख म्हणजे पोस्ट बॅकअपमधून ओतले आणि आता निम्म्या लोकांचं थंडरबर्ड (पोस्ट वाचायचं ॲप) म्हणतंय नवीन काही नाही. काय करू?

पेठेतला: होणारच की. लेखाचा नंबर त्या त्या सर्व्हरपुरता असतो, मेसेज-आयडी, म्हणजे लेखाची स्वतःची ओळखखूण, मात्र सगळीकडे तोच. क्लायंट, म्हणजे इथे थंडरबर्ड, न्यूजआरसी फाइलमध्ये १-४८०० असं नंबरांनीच वाचलेलं लिहून ठेवतो, तुझे नंबर परत १ पासून सुरू झाले म्हणजे ४८०० च्या आतलं सगळं त्याच्या लेखी वाचून झालं. ग्रुप अनसबस्क्राइब करून परत सबस्क्राइब करायला सांगा सगळ्यांना, वाचल्याच्या खुणा जातील, जाऊ देत.

हडपसरवाला: सगळ्यांना कशाला कामाला लावताय? सर्व्हर थांबवून ॲक्टिव्ह फाइलमधला (सर्व्हर ग्रुपांचे नंबर ठेवतो ती) त्या ग्रुपचा वरचा आकडा, म्हणजे शेवटच्या लेखाचा नंबर, जुन्यापेक्षा मोठा टाका, पुढच्या पोस्ट त्याच्यावरूनच सुरू होतील. खरं तर हे बॅकअप ओतायच्या आधी करायचं असतं. नंबर २,१४,७४,८३,६४७ पर्यंत चालतात, संपणार नाहीत.

कोथरूडकर: जुना आकडा कुठून आणू?

पेठेतला: कुणाच्याही न्यूजआरसीत बघ ना, सगळ्यात मोठा घे आणि वर हजारभर टाक.