अपंगत्वावरचा विनोदी एकपात्री प्रयोग: प्रेक्षकांचा संकोच कसा मोडावा?

डगमग (धागाकर्ता)

नमस्कार. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) आहे. मी वॉकर घेऊन चालतो आणि माझे उच्चार काहीसे अस्पष्ट आहेत. याच जगण्यावर मी सव्वा तासाचा विनोदी एकपात्री प्रयोग लिहिला असून पावसाळ्यानंतर पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात तो करण्याचा विचार आहे. 'कायमस्वरूपी अपंगत्व' असे छापलेला दाखला हातात धरून "अजून तसंच आहे का?" असे विचारणारा कारकून त्यात आहे, एसटीत शेजारी बसताक्षणी गुडघ्यांसाठी तेल सुचवणारे काका आहेत, आणि मी समोर बसलेला असताना माझ्या आईला "याला चहा चालतो का?" असे विचारणाऱ्या यजमानीणबाईही आहेत. मित्रमंडळींपुढे वाचन केले तेव्हा मात्र बरेच जण हसू दाबून बसले आणि शेवटच्या स्वगताला काहींचे डोळे पाणावले. मला तसला प्रतिसाद नको आहे. पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकांना मोकळे कसे करावे, आणि उच्चार न कळल्यामुळे विनोद वाया जाऊ नयेत यासाठी संहितेत काय सोय करावी?

तिसरी घंटा

आपण ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग यांचे 2014 मधील सिडनीच्या 'टेडएक्स' या व्याख्यानांच्या कार्यक्रमातील भाषण अवश्य पाहावे. त्यांना अस्थिभंगुरतेचा जन्मजात विकार होता आणि त्या व्हीलचेअर वापरत. त्याच वर्षी मेलबर्नच्या विनोद महोत्सवात त्यांच्या एकल प्रयोगाला सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मिळाला आणि डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या भाषणात त्या एका वर्गातली हकिगत सांगतात. त्या कायद्याचा विषय शिकवत असताना वीसेक मिनिटांनी एका मुलाने हात वर करून विचारले, "बाई, तुमचं भाषण कधी सुरू होणार?" व्हीलचेअरवरची व्यक्ती शाळेत येते ती प्रेरणादायी भाषण करायलाच, अशी त्या मुलाची प्रामाणिक समजूत होती. येथे हशा त्या मुलाच्या समजुतीला मिळतो, आणि आपणही कधीतरी तसेच वागलो आहोत हे आठवत प्रेक्षक हसतो. आपले कारकून, काका आणि यजमानीणबाई याच जातीचे आहेत, त्यामुळे प्रयोगाचा आरंभ त्यांच्यापासून करावा. आजाराची माहिती, जन्मकथा, डॉक्टरांचे निदान हे सारे आधी आले की श्रोते दवाखान्यात भेटायला आल्यासारखे गंभीर होतात आणि मग त्यांना तेथून हलवणे अवघड जाते. शेवटचे स्वगत मी न वाचताच काढून टाकायला सांगेन, कारण डोळ्यांत पाणी आलेला माणूस घरी जाताना आपल्या विनोदाविषयी बोलत नाही, तो आपल्या जिद्दीविषयी बोलतो.

जुना खुर्चीवाला

वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. विनोदाचे लक्ष्य केवळ समाजच असावा असा दंडक घातला, तर सव्वा तासानंतर तो प्रयोग तक्रारअर्जासारखा वाटू लागेल. नायकाचा आळस, त्याचा मत्सर, रांगेत पुढे जाण्यासाठी वॉकरचा केलेला सोयीस्कर उपयोग हेही त्यात यायला हवे, म्हणजे रंगमंचावर संत न दिसता माणूस दिसेल. दुसरा मुद्दा असा, की मराठी एकपात्रीत एकच नट अनेक पात्रे उभी करतो आणि तेथील गंमत पात्र बदलण्याच्या चपळाईत असते. आपल्याला देह झटकन बदलता येणार नाही, परंतु मान, नजर आणि वॉकरची दिशा एवढ्यावर तीन पात्रे सहज वेगळी काढता येतील. चाळीस वर्षे प्रयोग पाहणाऱ्याचे हे मत आहे, नटाचे नव्हे.

कलम आणि कागद

स्वतःवर विनोद करावा की नाही, या वादाला एक कायदेशीर बाजूही आहे. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा यांनी एका हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी निकाल दिला. अपंग व्यक्तींना हिणवणारा विनोद आणि अपंगत्वाविषयीच्या रूढ समजुतींना आव्हान देणारा विनोद यांत न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट फरक केला आहे. अर्थात तो निकाल दृश्य माध्यमांतील चित्रणासंबंधी आहे आणि त्याला विनोद लिहिण्याची नियमावली समजण्याचे कारण नाही. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगापूर्वी संहिता तपासणारे सरकारी मंडळ) वेळेत पाठवा, कारण एकपात्रीलाही त्यातून सवलत नसते.

विंगेतला

उच्चारांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. इंग्लंडमधील ली रिडली यांनाही सेरेब्रल पाल्सी आहे आणि ते मुळीच बोलू शकत नाहीत. ते आधी टंकून ठेवलेली वाक्ये टॅबलेटच्या यांत्रिक आवाजात ऐकवतात, आणि तरीही 2018 साली त्यांनी 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' ही स्पर्धा जिंकली. त्या यांत्रिक आवाजाला चढउतार फारसे साधत नाहीत, म्हणून सारा भार शब्दांच्या क्रमावर आणि विरामांवर येतो. आपणही कळीचा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी ठेवा, तो आपल्याला स्वच्छ उच्चारता येणारा निवडा, आणि हशा पूर्ण ओसरल्याशिवाय पुढचे वाक्य सुरू करू नका. पहिले मिनिटभर मुद्दाम बिनमहत्त्वाचे बोला, कारण प्रेक्षकाच्या कानाला आपल्या बोलण्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. आपल्या बोलण्याच्या लिखित ओळी (सबटायटल्स) मागच्या पडद्यावर दाखवणार असाल तर विनोदाची ओळ आपण उच्चारल्यानंतरच उमटेल अशी व्यवस्था करा, नाहीतर लोक आधी वाचून हसतील. पुण्याच्या श्वेता मंत्री आणि मुंबईच्या निधी गोयल स्वतःच्या अपंगत्वावर स्टँडअप करतात. त्यांचे सादरीकरण पाहिल्यास थांबण्याच्या जागा लक्षात येतील.

एक विचारायचे राहिले. त्या सभागृहात रंगमंचावर चढायला उतार आहे का? प्रेक्षागृहात रॅम्प बांधतात, परंतु नट व्हीलचेअरवरून किंवा वॉकर घेऊन येईल हे बहुधा कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

डगमग (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. शेवटचे स्वगत काढले आहे, आणि रांगेत वॉकर पुढे करण्याचा प्रसंग (खरा आहे, नाकारत नाही) तेथे घातला आहे. रंगमंचाला उतार नाही, विंगेतून पाच पायऱ्या आहेत. व्यवस्थापक म्हणाले, "काळजी करू नका, दोन माणसं उचलून ठेवतील." हे वाक्य मी प्रयोगाच्या आरंभीच घेतो आहे. मात्र पडदा उघडण्यापूर्वी मला वर ठेवावे, की प्रेक्षकांसमोर उचलून आणावे, याबद्दल आपले मत हवे आहे.

विंगेतला

प्रेक्षकांसमोरच आणावे. फक्त उचलणाऱ्या दोघांची तालीम घ्या, आणि त्यांना हसू नका असे सांगू नका.